भिंतीकडच्या खाटांच्या गाठी

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते धाकटीला पुढच्या डिग्रीला प्रवेश मिळाला त्या दिवशी नव्हे. तेव्हा तिने साखरसुद्धा वाटली होती. पोटात दुखलं ते धाकटी एका दुपारी वॉर्डात आली, तिने पांढऱ्या कोटाच्या खिशातून हातभर गॉजची पट्टी काढली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आजपासून आपण या पट्टीचा अभ्यास करणार आहोत," तेव्हा.

ती पट्टी थोरलीची होती. म्हणजे गॉज दवाखान्याचंच, पण त्यामागचं डोकं थोरलीचं.

दोघी सख्ख्या जावा. एकाच घरात राहायच्या आणि एकाच दवाखान्यात राबायच्या. थोरली वीस खाटांच्या वॉर्डाची इन्चार्ज. लकवा मारलेली, कंबर मोडलेली, अंथरुणाला खिळलेली माणसं तिच्याकडे. सगळे तिला मोठ्या सिस्टर म्हणायचे, डॉक्टरसुद्धा. शिक्षण विचाराल तर तीन वर्षांचा डिप्लोमा, पण सत्तावीस वर्षांची नोकरी. नाडीला बोट लावलं की पुढचं सगळं तिला कळायचं. धाकटी तिच्याच हाताखाली शिकायला आलेली पोरगी. नीटनेटकी, कामाला वाघ, उलट न बोलणारी. थोरलीनेच तिला हेरलं आणि दिरासाठी घरात आणलं. परक्याचं बरं झालेलं एकवेळ सोसतं. आपण बोट धरून आणलेलं पुढे गेलं की ते बोटच दुखायला लागतं.

आणि धाकटी चांगलीच पुढे निघाली होती. आधीची डिग्री होतीच, आता डिग्रीवरची डिग्री. ती हातात पडली की तिला जखमांची तज्ज्ञ परिचारिका म्हणणार. सगळ्या वॉर्डांत फिरायचं, कुठल्या जखमेला काय लावायचं ते आपण ठरवायचं, डॉक्टरच्या दारात उभं राहायचं नाही. इन्चार्ज सिस्टरांनी तिचं ऐकायचं. म्हणजे थोरलीनेही.

एकवीस वर्षांपूर्वी डिग्रीचा फॉर्म थोरलीनेही आणला होता. भरला होता, फोटो डकवला होता. त्याच आठवड्यात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुबा मोडून बसल्या. घरात नर्स असताना बाहेरची बाई कशाला, असं सगळ्यांना वाटलं. फॉर्म ट्रंकेच्या तळाशी गेला. आता त्याच सासूबाई धाकटीच्या तीन वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन म्हणायच्या, "तू जा गं अभ्यासाला. ही राहते माझ्याजवळ."

"मला नाही कुणी असं म्हटलं," थोरली एकदा भांडी आदळत म्हणाली.

"मी काय हौसेनं पडले होते?" सासूबाई म्हणाल्या. "आणि खुबा माझा वर्षभरात जुळला. पुढची वीस वर्षं तू कशाची वाट बघत होतीस?"

सासूबाईंची जीभ खुब्यापेक्षा बळकट होती. थोरलीने कढई आणखी जोरात घासली.

आता त्या पट्टीचं सांगते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली तर कंबरेची, टाचेची कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग उघडते. त्याला बेडसोर म्हणतात. झाला की महिनोन् महिने भरत नाही, आणि कधी कधी माणूस मोडलेल्या हाडाने जात नाही तो त्यानेच जातो. म्हणून प्रत्येक खाटेला एक तक्ता असतो. कूस बदलली की त्यात खूण करायची. थोरली इन्चार्ज झाली त्या पहिल्याच वर्षी एका म्हातारीची पाठ अशी उघडली की तिच्या लेकीने ती पाहून तोंडात पदर कोंबला. तक्ता बघितला तर सगळ्या खुणा जागच्या जागी. सकाळच्या नर्सला वाटलं दुपारची बदलेल, दुपारचीला वाटलं सकाळचीने. दोघींनी टेबलाशी बसून खुणा मात्र केल्या.

थोरलीने त्या दिवशी नवा तक्ता आखला नाही. तिने गॉजच्या वीस पट्ट्या फाडल्या आणि प्रत्येक खाटेच्या पायथ्याच्या दांडीला एकेक बांधली. माणूस डाव्या कुशीवर असेल तर गाठ डावीकडे, उजव्या कुशीवर तर उजवीकडे, उताणा असेल तर मधोमध. जी कूस बदलेल तिने गाठ सोडून दुसरीकडे मारायची. दारातून एक नजर टाकली की कुणाची कूस राहिली ते दिसायचं. टेबलाशी बसून तक्ता भरता येतो. गाठ मारायला खाटेपर्यंत जावंच लागतं. एवढीच त्यातली मेख.

चोवीस वर्षं त्या गाठी चालल्या. मग नव्या मेट्रन मॅडम आल्या. त्यांनी पहिल्याच फेरीला नाक मुरडलं. "हे काय चिंध्या लोंबताहेत? काढा. तक्ते आहेत ना?" थोरलीने वीसच्या वीस पट्ट्या स्वतःच्या हाताने सोडल्या. कुणाशी बोलली नाही. त्यानंतरच्या वर्षात वॉर्डात नऊ बेडसोर झाले. तेही तिने कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मोजले.

आणि आता त्याच मेट्रन मॅडम धाकटीच्या शेजारी उभ्या राहून हसत होत्या. चिंधी धाकटीच्या हातात गेली आणि तिचं संशोधन झालं!

धाकटी समजावून सांगत होती. खिडकीकडच्या दहा खाटांना तक्ता आणि गाठी. भिंतीकडच्या दहा खाटांना नुसता तक्ता, सध्या आहे तसा. आठ आठवडे. ती रोज दुपारी येऊन सगळ्यांची कातडी तपासणार.

"भिंतीकडच्यांनी काय पाप केलंय?" थोरलीने विचारलं.

"ताई, त्यांचीही कूस बदलायचीच आहे. फक्त गाठ नाही. दोन रांगांत फरक पडला तरच गाठीचं मोल कळणार ना?"

"मला चोवीस वर्षं कळलेलं आहे."

"तुम्हाला कळलंय हो," धाकटी हळूच म्हणाली, "पण ते कागदावर नाही."

वॉर्डाच्या माहितीसाठी तिने दोन पानी कागद काढला होता. थोरलीने तो घरी नेऊन चष्मा लावून, बोट ठेवून वाचला. आपलं नाव शोधत होती. धाकटीचं नाव तीनदा, तिच्या कॉलेजातल्या प्राध्यापक बाईंचं दोनदा, मेट्रन मॅडमचे आभार. पट्टीबद्दल एवढंच लिहिलं होतं की ही वॉर्डात पूर्वीपासून प्रचलित असलेली पद्धत आहे. प्रचलित! जशी काही ती खाटेच्या गंजासारखी आपली आपण उगवली होती. थोरलीने कागदाची चौकोनी घडी केली आणि फडताळाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली.

आणखी एक गोष्ट त्या कागदात होती. गाठ कशी मारायची त्याचं चित्र. साधी एकेरी गाठ. थोरलीची गाठ तशी नव्हती. ती पट्टी दांडीभोवती दोन वेढे घेऊन, एक पीळ देऊन मारायची, कारण दांडीचा रंग गुळगुळीत आणि एकेरी गाठ घसरून भलतीकडे जाते. हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. शिकाऊ पोरींना थोरली गाठीला हात लावू द्यायची नाही, म्हणून धाकटीने ती लांबूनच पाहिलेली. तिने विचारलं नाही. थोरलीने सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी थोरलीने आपल्या नर्सेसना आणि दोन आयांना लिननच्या खोलीत बोलावलं.

"भिंतीकडच्या खाटांनाही पट्ट्या बांधा. माझी गाठ मारायची, पीळवाली. पण पायथ्याशी नाही. खाटेखालच्या आडव्या दांडीला. वाकल्याशिवाय दिसता कामा नये."

"पण धाकट्या मॅडम म्हणाल्या होत्या की..." एक नवी नर्स म्हणाली.

"धाकट्या मॅडमना जेवायला वाढायला मी शिकवलंय. वॉर्ड कुणाचा?"

"तुमचा, मोठ्या सिस्टर."

"मग?"

दोघी आयांनी एकमेकींकडे बघून पदराआड हसून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून भिंतीकडच्या दहा खाटांखाली दहा गाठी इकडून तिकडे फिरू लागल्या. सगळ्या वॉर्डाला ठाऊक, अभ्यास करणारीला सोडून.

कुणी विचारलं असतं तर थोरलीने छातीला हात लावून सांगितलं असतं, मी माझ्या माणसांसाठी केलं, दहा जणांना गाठ आणि दहा जणांना वाऱ्यावर, हे माझ्या वॉर्डात चालणार नाही. आणि ते खोटं नव्हतं. पण दर दुपारी धाकटी छोटा टॉर्च घेऊन भिंतीकडच्या टाचा तपासायची, वहीत शून्य मांडायची, पुढच्या खाटेकडे जायची आणि पुन्हा शून्य मांडायची, तेव्हा टेबलामागे बसलेल्या थोरलीच्या जिवाला जो गारवा मिळायचा तो काही माणसांच्या काळजीचा नव्हता. फरक दिसायला नको होता तिला. हिच्या कागदावर फरकच पडायला नको.

चौदा नंबरच्या खाटेवर एक घड्याळवाले होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेली, आता उजवी बाजू गेलेली. बोलायचे अर्ध्या तोंडाने, पण बघायचे पूर्ण डोळ्यांनी. एक दिवस त्यांची कूस बदलून थोरली खाली वाकली तशी ते म्हणाले, "सिस्टर, तुमची गाठ माझ्या दुकानातल्या कुठल्याही घड्याळापेक्षा बरोबर चालते. पण ती खाली लपवून का मारता?"

"तुम्ही डोळे मिटून पडा बघू."

"ती दुपारची पोरगी समोरच्या रांगेशी आम्हाला ताडून बघते, तिला ठाऊक नाही ना?"

थोरलीने चादरीची कड गादीखाली खोचली.

"दोन घड्याळं ताडून बघायची असली," घड्याळवाले म्हणाले, "तर आम्ही एकाला हात लावत नसू. दोन्हींच्या चाव्या फिरवल्या तर कळणार काय?"

"मला घड्याळातलं काही कळत नाही," म्हणून थोरलीने त्यांची उशी जरा जास्तच जोरात थोपटली.

सहाव्या आठवड्यात खिडकीकडच्या तीन नंबरच्या आजींची टाच लाल झाली. एकेरी गाठ घसरून डावीकडून मधे आली होती. येणाऱ्या नर्सला वाटलं, आत्ताच उताणं केलंय. आजी चार तास एका कुशीवर राहिल्या. थोरलीने ती टाच हातात घेतली आणि तिचे कान तापले. गाठ घसरणार हे तिला पहिल्यापासून माहीत होतं, आणि ते तिने दाताखाली धरून ठेवलं होतं. त्या दिवसापासून ती खिडकीकडच्या रांगेतून दर दोन तासांनी स्वतः फिरायला लागली. टाच पाच दिवसांत निवळली. पण गाठ कशी मारायची ते धाकटीला सांगायला तिची जीभ काही उचलली नाही. धाकटीने वहीत लिहिलं: खिडकीकडे एक, भिंतीकडे शून्य.

घरी धाकटीचं बोलणं कमी झालं. जेवताना घास हातात तसाच राहायचा. नवऱ्याने विचारलं तर म्हणायची, "आकडे उलटे येताहेत." थोरली आमटी वाढत म्हणायची, "आकड्यांचं काय, ते येतात तसे येतात." आणि तिला वाटायचं, आपण किती साधेपणाने बोललो.

नवव्या आठवड्यात नर्सिंग कॉलेजात बैठक बसली. दवाखान्याच्या आवारातच कॉलेज. लांब टेबल, एका टोकाला प्राध्यापक बाई, बाजूला मेट्रन मॅडम, समोर धाकटी. वॉर्डाची इन्चार्ज म्हणून तक्ते घेऊन थोरलीलाही बोलावलं होतं. ती इस्त्रीचा गणवेश घालून, पाठ ताठ करून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. मनात म्हणाली, बघू तरी डिग्रीवरची डिग्री कशी असते.

प्राध्यापक बाईंनी वही दोनदा चाळली.

"मला हे जुळत नाही," त्या धाकटीला म्हणाल्या. "गेल्या वर्षी या वॉर्डात नऊ बेडसोर. त्यातले पाच भिंतीकडचे. नर्सेस त्याच, खाटा त्याच, तक्ते तेच. आणि तुझ्या आठ आठवड्यांत भिंतीकडे साधी लालीसुद्धा नाही?"

"नव्हती, मॅडम. मी रोज तपासलं."

"एकटीने?"

"एकटीने."

"मग दोनच गोष्टी असू शकतात. एक तर या गाठींचा काडीचा उपयोग नाही. नाहीतर भिंतीकडच्या जखमा तू वहीत मांडल्या नाहीस."

"मी असं का करीन? लपवायचंच असतं तर मी खिडकीकडची लपवली असती ना!" धाकटीचा आवाज फाटला.

"ते मला ठाऊक नाही. पण हे असं मी पुढे पाठवू शकत नाही. चौकशी होईल. तोवर तुझा निकाल थांबेल, आणि तज्ज्ञाच्या जागेसाठी तुझं नाव आहे तेही."

धाकटी टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत राहिली. थोरलीला हवं होतं ते समोर ताटात वाढून आलं होतं. तिने ते चाखूनही बघितलं. क्षणभर गोड लागलं. पुढच्या क्षणी नाही.

तेवढ्यात मेट्रन मॅडम खुर्चीला टेकून म्हणाल्या, "खरं सांगू का, मला पहिल्यापासून वाटत होतं. त्या चिंध्यांमध्ये काही दम नाही. आकड्यांनीच सांगितलं. आता हा विषय कायमचा मिटला म्हणायचा."

थोरली उभी राहिली. आपण उठलो कधी ते तिला कळलं नाही.

"दम नाही कसा?"

"मोठ्या सिस्टर, तुम्हाला तक्त्यांबद्दल विचारू तेव्हा..."

"तक्ते राहू द्या. तक्ते टेबलाशी बसून भरतात. भिंतीकडचं शून्य हिने लपवून आणलेलं नाही, आणि आपलं आपण आलेलं नाही. ते माझं शून्य आहे! भिंतीकडच्या दहाही खाटांखाली माझ्या गाठी आहेत. पहिल्या आठवड्यापासून. आत्ता चला आणि वाका, दिसतील."

धाकटीने मान वर केली.

"ताई?"

"खिडकीकडे हिची एकेरी गाठ होती. घसरते ती. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही. तीन नंबरच्या आजींची टाच त्यात लाल झाली. ती चूक माझ्याकडे लागते, हिच्याकडे नाही." थोरलीचा आवाज जरा खाली आला, मग पुन्हा चढला. "म्हणजे साध्या गाठीला एक लाली, आणि माझ्या गाठीला शून्य. आणि गेल्या वर्षी गाठच नव्हती तेव्हा भिंतीकडे पाच. लिहा. आणि ते प्रचलित-बिचलित खोडा आधी. कुठून प्रचलित? मी काढलेली आहे ती."

प्राध्यापक बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे तुम्ही जाणूनबुजून अभ्यासात ढवळाढवळ केलीत."

"केली."

"का?"

खरं उत्तर अगदी जिभेच्या टोकावर होतं. थोरलीने धाकटीकडे बघितलं नाही. "भिंतीकडची माणसं माझी होती," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि ही पुढे गेलेली मला बघवत नव्हतं."

वॉर्डात जाऊन सगळे वाकले. मेट्रन मॅडमसुद्धा, गुडघ्यावर हात ठेवून. गाठी होत्या. चौदा नंबरचे घड्याळवाले अर्ध्या तोंडाने म्हणाले, "हं, आता वेळ जुळली."

थोरलीला लेखी ताकीद मिळाली. सत्तावीस वर्षांतली पहिली. तिने ती वाचली, सही केली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर मारत उभी राहिली. धाकटीच्या प्रामाणिकपणावरचा डाग पुसला गेला, पण आठ आठवडे वाया गेलेच. अभ्यास पहिल्यापासून, दुसऱ्या वॉर्डात करायचा, आणि मोठ्या सिस्टरांनी त्या वॉर्डाच्या उंबऱ्यातही पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं.

चार दिवस धाकटी थोरलीशी एक शब्द बोलली नाही. ताट समोर ठेवायची, ते सासूबाईंकडे बघत. सासूबाई एकीकडून दुसरीकडे निरोप पोचवून कंटाळल्या. "मीठ हवं असेल तर तोंडानं मागा," त्या म्हणाल्या. "माझी पोस्टातली नोकरी नाही."

पाचव्या दिवशी दुपारी थोरली स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. धाकटी आली. हातात गॉजची पट्टी. ती तिने समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवली.

"तुम्ही माझे दोन महिने घालवलेत, ताई."

"घालवले."

"आणि मी तुमचं नाव लिहिलं नाही. मला वाटलं, जुन्या वॉर्डाची रीत आहे म्हटलं तर कुणी विचारणार नाही. तुमचं नाव घातलं असतं तर सगळे म्हणाले असते, हिचं स्वतःचं काय आहे यात?"

"मग? आता घालणार आहेस?"

"घालणार."

"पहिल्या पानावर. ठळक."

"पहिल्या पानावर माझं असतं."

"मग दुसऱ्या." थोरलीने मेथीची जुडी खाली ठेवली आणि हात पदराला पुसले. "आण ती पट्टी इकडे. अशी नव्हे गं, उपडी धर. दोन वेढे. आता इथून वर. ओढ."

धाकटीने ओढली. गाठ घसरली.

"चार-चार पुस्तकं वाचून एवढं येत नाही?"

"पुस्तकात नाहीये ते. म्हणून तर तुमच्याकडे आलेय."

शेवटचा पीळ राहिला होता. तेवढा हाताच्या आडोशाने मारला तर धाकटीला कधी कळला नसता. नव्या वॉर्डात तिची गाठ घसरली असती, आणि पिळाची गाठ थोरलीच्या वॉर्डापुरतीच राहिली असती. थोरलीची बोटं खुर्चीच्या पाठीवर थांबली. धाकटी वाकून, श्वास रोखून बघत होती, पहिल्या वर्षाला असताना बघायची तशी. थोरलीला एकदम तीन नंबरच्या आजींची टाच आठवली, हातात घेतलेली, गरम.

तिने हात बाजूला केला आणि पीळ हळू, दिसेल असा, दोनदा मारून दाखवला.

"कळलं?"

"कळलं."

"तिसऱ्यांदा दाखवणार नाही," थोरली म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला बसली. "आणि दुसऱ्या पानावर म्हणजे वरच्या बाजूला. तळाशी नको."